सोमवारचा अण्णा, गुरुवारचा आबा

अंबादास शिंगाडे या माणसाला मी सगळ्यात जास्त पाहिलं ते पाठीमागून. बदनापूर ते नवीन जालना, रोज सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जायचो आणि संध्याकाळी तसाच परत यायचो. तो बियाण्याच्या एका कंपनीत गोदामावर होता, मी त्याच कंपनीत हिशेबाला. गाडी त्याची आणि तोंड माझं. म्हणजे वाटभर बोलायचो मी, तो नुसता "हौ भाऊ", "बराबर भाऊ" म्हणत गाडी हाकायचा. त्यामुळं पुढं गावोगावचे लोक ज्या तोंडाला शिव्या घालायला लागले, आणि ज्या तोंडाच्या माणसाच्या पाया पडायला लागले, ते तोंड मला तोवर नीट माहीतच नव्हतं. मला त्याची मान माहीत होती, शर्टाची कॉलर माहीत होती आणि उजव्या कानामागचा तीळ माहीत होता.

"नाही" म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. भिडस्त माणसं मी खूप पाहिली, पण हा म्हणजे भिडस्तांचा बादशहा. टपरीवरच्या चहात साखर जास्त पडली तरी "झकास झाला" म्हणायचा, मग टपरीवाला त्याच्या चहात मुद्दाम एक चमचा जास्त टाकायचा. एकदा न्हाव्यानं सहज विचारलं, "अंबादासभाऊ, मिशी काढून पाहायची का?" याला नाही म्हणायचं होतं. हा म्हणाला, "बघा, तुम्हाला बराबर वाटत असंल तं." न्हाव्याला बराबर वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभा, गाडी येऊन थांबली, आणि गाडीवर भलताच माणूस. मी काही बसेना.

"भाऊ, मीच आहे," तो म्हणाला.

"मिशी कुठंय?"

"तो इचारून राह्यला होता. मंग त्याला नको कसं म्हणावं?"

त्याची बायको कांताबाई पुढं बरेच दिवस ताट वाढताना त्याच्याकडं बघत नव्हती. मिशीचं हे प्रकरण मी उगीच सांगत नाही. या माणसाच्या आयुष्यात जे जे घडलं, ते मिशीभोवतीच घडलं.

बदनापुरात गणेश म्हणून लग्नाची शूटिंग करणारा एक जण आहे. लग्नसराई सरली की त्याचा कॅमेरा रिकामा आणि तोही रिकामा. रिकामं बसून त्याच्या डोक्यात मोबाईलवर दाखवायची मालिका काढायचं खूळ शिरलं. गावातलीच माणसं घ्यायची, गावातल्याच गोष्टी, दर आठवड्याला एक भाग. खलनायक म्हणून शहरातून एक नट ठरवला होता. शूटिंगच्या दिवशी नट आलाच नाही. अंबादास तिथं आल्ता तो आपली मोटारसायकल द्यायला, कारण गणेशला एका प्रसंगात मोटारसायकल पाहिजे होती आणि त्यानं ती अंबादासलाच मागितली होती. गाव मूर्ख नाही, कोणाकडं काय मागावं ते गावाला माहीत असतं. नट न्हाई म्हटल्यावर गणेश म्हणाला, "काका, तुम्हीच उभे राहा ना जरा." उभा राहिला बिचारा. गणेशनं त्याला एक खोटी मिशी चिकटवली, चांगली झुपकेदार, खांद्यावर उपरणं टाकलं आणि नाव दिलं अण्णा.

प्रसंग होता सुपारी फोडायच्या बैठकीचा. अण्णा म्हणजे मुलाचा बाप, गावचा मोठा माणूस, आणि समोर मुलीचा बाप हात जोडून बसलेला. अंबादासनं गणेशनं सांगितलेलं वाक्य म्हटलं. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. उलट देवळात प्रसाद वाटावा तसा हळू आणि गोड बोलला, "सोयरे, आम्हाला काही नको. पोराची हौस आहे, बस. पोरगी तुमची, लेकरं तुमची, घरसुद्धा तुमचंच. गाडी तेवढी आमच्या दारात."

मुलीचा बाप झालेल्या माणसाच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं, असं गणेश सांगतो. मी असतो तर मलाही आलं असतं की नाही सांगता येत नाही. मी जरा कठीण माणूस आहे. पण पुढचं मात्र मला खरं वाटतं. प्रसंग संपल्यावर अंबादास त्या माणसाजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माफ करा हं दादा. लागलं का?"

ते वाक्य चाललं, आणि काय चाललं म्हणता! शाळेतली लेकरं डबा मागताना म्हणायला लागली, "भाजी तुझी, भाकर तुझी, लोणचं तेवढं आमच्या ताटात." अण्णा दर सोमवारी मोबाईलवर यायचा. सुनेला घराबाहेर काढायचा, भावाचा बांध कोरायचा, आणि सगळं काही हसत हसत. गणेशला भीती वाटली की अंबादासकाकाला आता गावात कोणी उभं करणार नाही. म्हणून म्हणा, नाहीतर चालतंय तोवर चालवू म्हणून म्हणा, त्यानं दुसरी मालिका काढली. तिच्यात अंबादास बिनमिशीचा. नाव आबा. आबा निवृत्त पोस्टमन, आपल्या ताटातली भाकर दुसऱ्याला देणारा, परक्याच्या पोरीला पोटच्या पोरीसारखी नांदवणारा. आबा गुरुवारी यायचा. गुरुवारी बाया पदर डोळ्याला लावायच्या आणि सोमवारी त्याच बाया बोटं मोडायच्या.

बदनापूरच्या बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी होती. मंगळवारी अंबादास तिच्यापुढं गेला की ती मेथीची जुडी मागं ओढून घ्यायची. "जाय तिकडं. काल सुनेला उंबऱ्याबाहेर काढलं ना रे, मुडद्या? तिच्या हातची भाजी खा आता." हा आपला उभा. "मावशी, ते खोटं असतंय." "खोटं कसं? मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं!" आणि तीच म्हातारी शुक्रवारी त्याच्या पिशवीत वरून कोथिंबीर टाकायची, तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. कांताबाई हुशार. तिनं भाजीबाजार शुक्रवारवर नेला.

कंपनीतल्या साहेबांनीही त्याचा फायदा घेतलाच. एक ट्रकवाला माल भरायला आला की रोज काही ना काही खुसपट काढायचा. एकदा साहेब अंबादासला म्हणाले, "जरा अण्णा बना की." याला नाही कुठलं म्हणता येतं? रुमाल उपरण्यासारखा खांद्यावर टाकला, ट्रकवाल्यापुढं जाऊन उभा राहिला, आणि नुसतं म्हणाला, "काय हौस आहे तुमची?" ट्रकवाला मुकाट मागच्या फळ्या पाडायला लागला. दुपारी पाहतो तर अंबादास त्याच ट्रकवाल्याला टपरीवर चहा पाजून राह्यला, वर विचारून राह्यला, "राग तं न्हाई ना आला?"

मी एकदा गाडीवर मागून विचारलं, "अंबादास, खरं सांग, हे तुला जमतं कसं? एकच तोंड, एकच आवाज. सोमवारी बघून डोकं फिरतं आणि गुरुवारी आमच्या हिला हुंदका फुटतो."

पुढून उत्तर आलं. "भाऊ, आमच्या आज्याची मेंढरं होती. त्यात एक मेंढा होता. तो कोणाच्या अंगावर धावून गेला न्हाई कधी. नुसता उभा राहायचा आन् बघायचा. मंग माणूसच मागं सरायचा. अण्णा करताना मी तो मेंढा ध्यानात आणतो."

"आणि आबा?"

"तोच मेंढा, भाऊ. लोकर कातरल्यावर."

मला हे पटलं नाही असं मी त्याला सांगितलं, कारण मला ते इतकं पटलं होतं की माझा जळफळाट झाला. इथं एक सांगून टाकतो. मीही एकदा गणेशकडं गेल्तो. म्हटलं, माझ्यात काय कमी आहे? आवाज खणखणीत, बोलायला मी कोणाला हार जात नाही. गणेश म्हणाला, "भाऊ, तुम्ही बोललात की तुम्हीच दिसता." हे काय उत्तर झालं? मी परत तिकडं फिरकलो नाही.

आता मुद्द्याचं. अंबादासला एकच मुलगी, दीपाली. नर्सचा कोर्स केलेली, जालन्यात एका दवाखान्यात कामाला, आणि बापाच्या अगदी उलट, तोंडानं फटकळ. तिच्यासाठी स्थळ आलं ते विष्णूचं. विष्णू बदनापूरला शेतीच्या संशोधन केंद्रावर नोकरीला, मूळचा भोकरदनकडचा. दीपालीनं त्याला आधीच पाहिलेलं होतं. पाहिलेलं म्हणजे काय ते तुम्ही समजा, मी चारचौघांत बोलत नाही. विष्णूला बाप नव्हता. घरचा कारभार दोघांकडं: आई सुमनबाई आणि चुलते दत्ताराव.

आमच्याकडं सोयरीक जुळवायची तर आधी चौकशी होते. माणूस कसा आहे, भावकी कशी आहे, पितो का, भांडतो का, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात. साधी गोष्ट. पण दत्तारावांनी चौकशी केली ती मोबाईलवर. ते सोमवारचे भक्त. आणि सोमवारच्या मालिकेत अण्णाचा दुमजली बंगला होता, दारात ट्रॅक्टर होता, विहिरीला बारमाही पाणी होतं. गणेशनं शूटिंगला तो बंगला शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराकडून मागून घेतलेला. दत्ताराव जीप करून सरळ तिथंच गेले. "अण्णा आहेत का घरात?" बागायतदार भला माणूस, त्यानं चहा पाजला आणि अंबादासचं खरं घर सांगितलं. मग दत्ताराव माझ्या घरी आले, मी शेजारी म्हणून.

मी खिडकीतून घर दाखवलं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, शेडमध्ये मोटारसायकल.

दत्ताराव गालात हसले. "लई पोचलेला माणूस आहे."

"म्हणजे?"

"असं दोन खोल्यांत राहून दाखवायचं. आपल्याला कळत न्हाई व्हय? अहो, आम्ही ट्रॅक्टर पाह्यलाय."

मी कपाळावर हात मारला. "दत्ताराव, ते नाटक आहे. खोटं."

"नाटक तं हे आहे," ते खिडकीतून अंबादासच्या घराकडं बोट दाखवून म्हणाले. आता अशा माणसाला काय सांगणार? वर म्हणतात, "माणूस कडक आहे, पण वजन आहे त्याचं. सोयरा असाच पाहिजे."

सुमनबाईचं नेमकं उलटं. तिला बंगल्याशी घेणंदेणं नव्हतं. तिनं सोमवारी सुनेला उंबऱ्याबाहेर काढलेलं पाहिलेलं आणि तिचा जीव धसकलेला. तिनं कळवलं, "सुनेचे असे हाल करतो, त्या बापाच्या हाताखाली वाढलेली पोरगी कशी असंल? आपल्या घरात तसलं बियाणं न्हाई पाह्यजे." कोणीतरी तिला गुरुवारचा भाग दाखवला तर ती आणखीच घाबरली. म्हणाली, "दोन दोन तोंडं असलेला माणूस तं लईच वाईट."

शेवटी असं ठरलं की बैठकीला सुमनबाई स्वतः येणार आणि माणूस डोळ्यांनी पाहणार. आणि दत्तारावांनी मध्यस्थाकरवी हळूच पेरून ठेवलं, की पोराला चारचाकीची हौस आहे.

ते ऐकून दीपालीनं बापाला माझ्यादेखत समोर बसवलं. "बाबा, मला तोच पाह्यजे. पण गाडी देऊन न्हाई. आपलं घर इकून तुम्ही भाड्यानं राहणार आन् मी गाडीत फिरू का? त्यांनी मागितली की तुम्ही न्हाई म्हणायचं."

"म्हणतो की."

"आत्ता म्हणून दाखवा."

अंबादासनं तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाला, "तवाच्या तवा म्हणीन ना बाई."

ती उठून आत गेली. भांडी आदळल्याचा आवाज आला. अंबादास माझ्याकडं बघून कसनुसा हसला आणि मला पहिल्यांदा त्याची खरोखर कीव आली. कारण तो बैठकीत "बघू" म्हणणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि आमच्याकडं पाहुण्यापुढं "बघू" म्हणजे हो. राहतं घर जाणार होतं, नाहीतर पोरीचं ठरलेलं मोडणार होतं.

मग मी त्याची तालीम घ्यायला लागलो. जालन्याच्या रस्त्यावर, गाडीवर मागून.

"समज मी दत्ताराव!" मी ओरडलो. "शिंगाडे, पोराला चारचाकी पाह्यजे!"

पुढून वाऱ्यात काहीतरी आलं.

"काय?"

"बघू, म्हणलं."

"बघू न्हाई! न्हाई म्हण, न्हाई!"

"पाहुण्याला तोंडावर न्हाई कसं म्हणावं, भाऊ?"

"अरे मी कुठं पाहुणा आहे? मी तुझ्या मागं बसलोय!"

"तुम्हाला तं त्याहून म्हणवत न्हाई."

शेजारून एक ट्रॅक्टरवाला आमच्याकडं बघत बघत खड्ड्यात जायचा राहिला. मी म्हटलं, "बरं, मग अण्णा बनून म्हण. अण्णाला जमतं ना?"

त्यानं गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि मागं वळून पाहिलं. "अण्णा बनलो तं सुमनबाई घाबरून सोयरीक मोडंल. आबा बनलो तं दत्ताराव गाडी मागंल आन् आबा घर इकून देऊन टाकंल. मंग मीच बसतो तिथं, दुसरं काय?"

"तू? तुझं कोण ऐकतं?"

"तेच तं," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "भाऊ, मिशी ठेवू का काढू?" मिशी ठेवावी तर अण्णा दिसणार आणि काढावी तर आबा. मी म्हटलं, आहे तशी राहू दे. गेले काही दिवस गणेशकडं काम नव्हतं, त्यामुळं ओठावर नुसती खुंटं उगवलेली. ती तशीच घेऊन तो बैठकीला बसला.

सतरंजी अंथरलेली, तांब्याभांडं, पानाचं ताट. दत्ताराव, त्यांच्या सोबतचे दोघंतिघं, भिंतीला टेकून सुमनबाई. शेजारी आणि वडीलधारा म्हणून मी. अंबादास दारापाशी चोरासारखा बसला होता, स्वतःच्याच घरात. सुमनबाईनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं आणि सरळ विचारलं, "तुमी नेमकं कोणते म्हणायचे?"

"मी गोदामावर असतो," अंबादास म्हणाला.

दत्ताराव मांडीवर थाप मारून हसले आणि सोबतच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "पाह्यलं? काय जबरी करतो!" माणूस आयुष्यात एकदाच चारचौघांत स्वतःसारखा बसला, तर तेही यांना नाटक वाटलं. मला हसावं की रडावं कळेना.

मानपान झालं, तिथीचं बोलणं झालं. मग दत्तारावांनी घसा खाकरला. चेहरा गोड केला. "हे पाहा सोयरे, आम्हाला काही नको. देवाच्या दयेनं सगळं आहे. आता पोराची हौस आहे म्हणून, तेवढी एक चारचाकी. तुमच्यासारख्याला काय जड आहे?"

आतल्या खोलीच्या पडद्यामागं बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी अंबादासकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, आणि ओठ मिटून "ब" आता बाहेर पडणार, तेवढ्यात कांताबाई पोह्यांच्या बशा घेऊन आली. म्हणतात ना, देव तारी त्याला कोण मारी. माझ्या मते त्या दिवशी देव पोह्यांतून आला. बशा फिरल्या, लिंबू फिरलं. दत्तारावांना वाटलं, झालंच काम आपलं. ते खुशीत आले आणि पोह्याचा घास तोंडात असतानाच म्हणाले, "मंग सोयरे, एक होऊन जाऊ द्या ना! तो अण्णाचा डायलॉग. बैठकीतला. आमच्या गावची लेकरं म्हणतात तो. घे रे, मोबाईल काढ."

अंबादासनं माझ्याकडं पाहिलं. मी पोह्याकडं पाहिलं. पाहुण्यानं सांगितलेलं, नाही कसं म्हणायचं?

तो उठला. खुंटीवरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि दत्तारावांच्या पुढ्यात येऊन मांडी घालून बसला. बंगला नव्हता, ट्रॅक्टर नव्हता, खोटी मिशीसुद्धा नव्हती. नुसता बसला आणि बघायला लागला. दत्तारावांच्या हातातली बशी नकळत खाली सतरंजीवर आली.

"सोयरे," तो अगदी हळू, अगदी गोड बोलला, "आम्हाला काही नको. पोराची हौस आहे, बस. पोरगी तुमची, लेकरं तुमची, घरसुद्धा तुमचंच. गाडी तेवढी आमच्या दारात."

"वा!" म्हणायला दत्तारावांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. हे बोलणं आपण नुकतंच कुठंतरी ऐकलंय असं त्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. मग कुठं ऐकलं तेही दिसायला लागलं. खोलीत कोणी घास चावेना.

"बंद कर रे तो मोबाईल," सुमनबाई म्हणाली. मग दिराकडं वळली. "भावजी, हे तं तुमीच बोलले आत्ता. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई." दत्ताराव काहीतरी पुटपुटले. तिनं हातानंच गप्प केलं. "मी उगीच भिऊन राह्यले होते. म्हणलं, ह्या घरात अण्णा असंल. अण्णा तं आपल्या संगं जीपमधी बसून आल्ता."

तिनं ताटातली सुपारी उचलून माझ्यापुढं धरली. "फोडा दादा. गाडीबिडीचं नाव कोणी काढायचं न्हाई."

मी सुपारी फोडली. आणि अंबादास काय करत होता? खांद्यावरचा टॉवेल काढून दत्तारावांच्या गुडघ्याला हात लावून विचारून राह्यला होता, "माफ करा हं सोयरे. लागलं का?"

"न्हाई न्हाई न्हाई," दत्ताराव म्हणाले. पाहा, काही लोकांना हा शब्द किती सोपा असतो.

दुसऱ्या दिवशी गाडीवर बसल्या बसल्या मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना? डोकं लावून?"

"न्हाई म्हणता आलं न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "त्यांनी म्हणायला सांगितलं, म्हणून म्हणलं." तोंड दिसत नव्हतं, त्यामुळं खरं बोलतोय की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता माझी नोकरी संपली. मी जालन्यातच मस्तगडला पोराकडं राहायला आलो. मोटारसायकलवर मागं बसणं बंद झालं आणि सोमवार-गुरुवार तेवढे उरले. आमची ही मोबाईल लावते, मी लांबून बघितल्यासारखं करतो. पण अंबादास म्हटलं की मला त्या दोघांतला एकही आठवत नाही. दीपालीच्या लग्नाची संध्याकाळ आठवते.

लग्न बदनापूरलाच होतं, साधंच. पण अण्णाच्या घरचं लग्न म्हणून न बोलावलेलीही माणसं लोटलेली. जो तो मोबाईल धरून अंबादासच्या गळ्यात पडत होता. पोरीचा बाप असून त्याला अक्षता टाकायला हात मोकळा नव्हता. एक म्हणायचा, अण्णासारखं बघा, दुसरा म्हणायचा, आबासारखं हात जोडा. हा बिचारा बघत होता आणि हात जोडत होता. भाजीवाली म्हातारीही आली होती. तिनं मला विचारलं, "आज वार कोणता रे?"

पाठवणीची वेळ झाली. जीप दारात लागली. दीपाली आईच्या गळ्यात पडून रडली, मग बापाकडं वळली. फटकळ पोरगी, पण तिनं नुसतं कपाळ त्याच्या छातीवर टेकवलं. आणि अंबादास रडला. आबा रडतो ते मी शंभरदा पाहिलंय, डोळ्यांच्या कडेला थेंब येतो आणि चेहरा शोभून दिसतो. हे तसलं नव्हतं. नाक वाहत होतं, जबडा वाकडा झाला होता, घशातून भलताच आवाज येत होता. बघवत नव्हतं. माझेही डोळे भरून आले, लपवत कशाला बसू? आणि भोवती सगळे मोबाईल वर. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "काय काम करतो राव!" एकानं तर टाळी वाजवली.

दीपाली जीपमध्ये बसली. लग्नाची शूटिंग अर्थात गणेशकडंच. तो कॅमेरा घेऊन पुढं घुसला, आणि सवयीनं म्हणाला, "काका, परत एकदा. तोंड नीट आलं न्हाई. ताई, खाली उतरा जरा. काका, तुम्ही इकडून या आन् तसंच रडा."

किती वर्षं हा माणूस "परत एकदा" म्हटलं की परत उभा राहत आला होता! गर्दी मागं सरकली, जागा करून दिली. दीपालीनं जीपचं दार उघडायला हात घातला. सगळे अंबादासकडं बघायला लागले.

अंबादासनं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाला, "न्हाई."

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो. ना अण्णाचा गोडवा, ना आबाचा हुंदका. आवाज फाटका, थोडा चिरका, गोदामावर काम करणाऱ्या माणसाचा. इतकी वर्षं मागं बसून मी हा आवाज कधी ऐकला नव्हता. गणेशला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय, काका?"

"न्हाई म्हणलं. बंद कर."

गणेशनं कॅमेरा खाली घेतला. जीप हलली. खिडकीतून दीपालीनं अर्धं अंग बाहेर काढलं. काजळ गालावर ओघळलेलं, नाक लाल, आणि ती हसत होती, रडत होती, सगळं एकदमच. "बाबा!" ती ओरडली. "म्हणले की तुम्ही!"

जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलवत उभा होता. मी त्याच्या मागं उभा होतो. त्याची मान, कॉलर आणि कानामागचा तो तीळ मला दिसत होता.